अपडेटनंतर अडलेला संगणक आणि आपले चोपडे



विंडोजचे मासिक अपडेट प्रत्येक इंग्रजी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत होते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे आपल्या संगणकावर ते उतरते बुधवारी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत. महिन्याचा दुसरा मंगळवार ८ ते १४ या तारखांच्या बाहेर कधीच जात नाही. आता दुकानातील दिनदर्शिकेकडे पाहावे. जीएसटीआर-१ ची नेहमीची मुदत ११ तारखेची, तिमाही विवरण भरणाऱ्यांची १३ तारखेची. म्हणजे ज्या आठवड्यात व्यापारी कुटुंबाला संगणकाची सर्वाधिक निकड असते, नेमक्या त्याच आठवड्यात तो अडून बसण्याची शक्यताही अधिक असते. हा योगायोग आहे, कोणाचे कारस्थान नव्हे; परंतु दर महिन्याला येणारा योगायोग गृहीत धरून वागणे शहाणपणाचे.

आपल्या घरातील संगणक हा केवळ घरातील संगणक नसतो. दिवसा त्यावर पेढीचा रोजमेळ लिहिला जातो, संध्याकाळी मुलांचा अभ्यास होतो, आणि चातुर्मासात संघाची पत्रिका, तपस्वींची नामावली, पाठशाळेची हजेरी हेही त्यावरच तयार होते. एका यंत्रावर इतके सारे विसंबून असल्यामुळे ते बिघडले की घरात गडबड उडते आणि त्या गडबडीत कोणीतरी म्हणतो, ‘बोलवा दुरुस्तीवाल्याला, फॉरमॅट मारून टाकू दे.’

या एका वाक्यासाठीच हा लेख लिहीत आहे. फॉरमॅट करणे म्हणजे दप्तर अस्ताव्यस्त झाले म्हणून ते पेटवून नवी कपाटे आणणे. कपाटे नवी येतील, यंत्र वेगाने चालेल, दुरुस्ती करणाऱ्याचे काम तासाभरात उरकेल. मात्र जे जळाले ते बहुधा परत येणार नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवण्याचे उत्तरदायित्व व्यापाऱ्यावर आहे. संगणक बिघडला होता, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. विशेष म्हणजे अपडेटनंतर उद्भवणाऱ्या बहुतेक बिघाडांत आपल्या फाइली जागच्या जागी शाबूत असतात. बिघडलेले असते ते त्यांच्यापर्यंत नेणारे दार.

याची उदाहरणे संगणकाच्या अलीकडच्या इतिहासात नोंदलेली आहेत. ११ फेब्रुवारी २०२० रोजी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटनंतर (त्याचा क्रमांक केबी ४५३२६९३) अनेकांनी संगणक उघडला तेव्हा पडदा रिकामा होता. डेस्कटॉपवरील फाइली नाहीत, नेहमीचे चित्र नाही, सारे नव्या यंत्रासारखे कोरे. लोक हादरले. प्रत्यक्षात झाले होते एवढेच, की विंडोजने त्यांना त्यांच्या नेहमीच्या खात्यात न नेता एका तात्पुरत्या खात्यात नेऊन बसवले होते. मूळ फाइली ‘युजर्स’ या फोल्डरमध्येच होत्या; फक्त त्यांच्या फोल्डरच्या नावापुढे ‘बॅक’ किंवा तीन शून्ये अशी शेपटी लागली होती. कित्येकांचे काम दोन-चार वेळा रीस्टार्ट करून भागले, इतरांचे ते अपडेट काढून टाकल्यावर. कोऱ्या पडद्याला भिऊन ज्यांनी त्या दिवशी फॉरमॅट केले असेल, त्यांनी अखंड असलेले दप्तर स्वतःच्या हाताने नष्ट केले.

उलट प्रकारही घडलेला आहे, तोही सांगितला पाहिजे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या ‘डॉक्युमेंट्स’मधील फाइली खरोखरच पुसल्या. ज्यांनी तो फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता, त्यांना मुख्यतः हा फटका बसला. अशा तक्रारींचे प्रमाण अत्यल्प होते, तरीही कंपनीने चार-पाच दिवसांतच ते अपडेट थांबवले आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिले. फाइली गमावलेल्यांना तेव्हा दिलेला सल्ला लक्षात ठेवण्यासारखा आहे : तो संगणक शक्य तितका कमी वापरा. पुसलेल्या फाइलीची जागा नवे काही लिहिले जाईपर्यंत बऱ्याचदा तशीच राहते, आणि जाणकाराला ती परत मिळवता येण्याची शक्यता उरते. आपण घाईने जितके खटाटोप करतो, तितकी ती शक्यता घटत जाते.

दोन्ही उदाहरणांतून एकच क्रम हाती येतो. संगणक अडला तर प्रथम काहीही पुसू नये, काहीही नव्याने बसवू नये. मग चोपड्यांची प्रत बाहेर काढावी. त्यानंतर दुरुस्तीला हात घालावा, आणि तीही ज्या उपायाने सर्वांत कमी हानी होईल तिथून सुरू करून. आपल्याकडे ‘जयणा’ हा शब्द चालण्या-बोलण्याच्या संदर्भात लहानपणापासून कानावर पडतो. यंत्राच्या बाबतीतही तो लागू करण्यास हरकत नसावी.

प्रत काढायची म्हणजे काय काढायचे, हे मात्र घरातील किमान दोघांना ठाऊक असावे लागते. ट्यॅली वापरणाऱ्यांचे हिशेब आकड्यांची नावे असलेल्या फोल्डरांत असतात, १०००० किंवा १००००० अशा धर्तीची. परक्या माणसाला त्या आकड्यांमागे चाळीस वर्षांची पेढी आहे हे कळणार नाही. आणि संगणक भरला म्हणून साफसफाई करणाऱ्या उत्साही भाच्यालाही नाही. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर या डेटाचा मार्ग लिहिलेला दिसतो. तो आज कागदावर उतरवून गल्ल्याजवळच्या वहीत चिकटवून ठेवावा. प्रत घेताना ट्यॅली पूर्ण बंद करावी, ते सगळे फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची नोंद दिसते का ते पाहावे. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ समजूत आहे.

संगणक सुरूच होत नसेल तरीही प्रत निघू शकते. दुरुस्ती करणाऱ्याला स्पष्ट सांगावे, की हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडा, आमचा डेटा आमच्यासमोर उतरवून द्या आणि त्यानंतरच पुढचे बोला. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. कुरकुर करणाऱ्याकडे संगणक सोडून जाऊ नये.

येथे एक नवी अडचण समजून घेतली पाहिजे, कारण ती अनेक घरांत नकळत येऊन बसली आहे. अलीकडच्या बऱ्याच संगणकांवर डिस्कमधील सर्व मजकूर कुलूपबंद असतो. व्यावसायिक आवृत्तीत त्याला बिटलॉकर म्हणतात, घरगुती आवृत्तीत डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून प्रवेश केला, तर हे कुलूप पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक यंत्रांवर आपोआप लागते. एरवी ते दिसत नाही. चोरी झाली तर चोराच्या हाती आपले हिशेब पडत नाहीत, हा त्याचा लाभ. परंतु जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही संगणक सुरू होताना थेट निळ्या पडद्यावर थांबले आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागले. ती की ज्यांच्यापाशी होती त्यांनी अंक भरले आणि काम सुरू झाले. ज्यांच्यापाशी नव्हती, त्यांच्यासाठी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडण्याचा उपायही निरुपयोगी, कारण कुलूप डिस्कलाच आहे. त्या ४८ अंकांना पर्याय नाही. ना कारागिराकडे, ना कंपनीकडे.

हे अंक बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात साठवलेले असतात. ते खाते कोणाचे? आपल्या घरांत याचे उत्तर पुष्कळदा विचित्र निघते. संगणक विकणाऱ्या दुकानातील मुलाने घाईत उघडलेले, किंवा आता पुण्या-मुंबईस नोकरीला असलेल्या पुतण्याचे, किंवा नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींचे. म्हणून संगणक व्यवस्थित चालू असतानाच सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर आपल्या खात्यातून ते ४८ अंक मिळवून कागदावर लिहावेत आणि दुकानाच्या परवान्याच्या कागदपत्रांसोबत तिजोरीत ठेवावेत. हे अंक त्याच संगणकात लिहून ठेवण्याने काहीही साधत नाही. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवण्यासारखेच ते.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे. अपडेटनंतर संगणक नुसता संथ झाला असेल तर तासभर त्याला तसाच चालू ठेवावा. विंडोज आतल्या आत फाइलींची सूची नव्याने करीत असते, तपासण्या चालू असतात, आणि जुन्या फिरत्या डिस्कच्या यंत्रावर याला वेळ लागतो. त्यानंतर ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत फरक नाही असा सार्वत्रिक समज आहे, तो चुकीचा आहे. बहुतेक संगणकांवर ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असते, त्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत जतन केला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो, बिघाडासकट. रीस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही मुळापासून सुरू होते. रोज रात्री संगणक बंद करूनही दोष जात नाही असे जे म्हणतात, त्यांचे अर्धे प्रश्न या एका कृतीने सुटतात.

तेवढ्याने भागले नाही तर नुकतेच आलेले अपडेट काढून टाकता येते. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी आणि तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. यात आपल्या फाइलींना धक्का लागत नाही. वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आली असेल तर ‘रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’ हा पर्याय दिसतो. मात्र तो केवळ दहा दिवस टिकतो आणि ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरवर अवलंबून असतो. जागा अडवतो म्हणून तो फोल्डर लगेच पुसू नये. संगणक विंडोजपर्यंत पोहोचतच नसेल, तर सुरू होताना पॉवरचे बटण दाबून धरून बंद करावा. असे दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्यात पुन्हा तोच ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. त्याच पडद्यावर ‘रीसेट धिस पीसी’ असेही लिहिलेले असते. ‘कीप माय फाइल्स’ या आश्वासनावर विसंबून ते दाबू नये. त्यात ट्यॅलीसह सर्व प्रोग्रॅम जातात आणि आपला डेटा नेहमीच्या फोल्डरांबाहेर असेल तर तो राहीलच असे नाही. प्रत हाती आल्यावर, शेवटचा उपाय म्हणूनच त्याचा विचार व्हावा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तर हा दुरुस्तीचा पडदाच निकामी झाला होता. १४ तारखेच्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर त्या पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. पडदा समोर आणि बोट कुठेच ठेवता येत नाही. कंपनीने २० तारखेला तातडीची दुरुस्ती दिली. ऐन दिवाळीत, चोपडापूजनाच्या सुमारास.

व्यापाऱ्याला सर्वाधिक छळणारा बिघाड मात्र याहून साधा असतो, तो म्हणजे प्रिंटरचा. गिऱ्हाईक समोर उभे, माल बांधून तयार आणि बिल निघत नाही. ९ मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरांवर छपाईची आज्ञा देताच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत असे. १५ मार्चला त्यावर दुरुस्ती आली. असे मोठे प्रसंग विरळा. नेहमीचे कारण पाहिले तर बिल भलत्याच प्रिंटरकडे गेलेले असते. विंडोजमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ अशी एक सोय आहे. ती चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटर हाच मुख्य ठरतो. मुलीने रात्री शाळेचा प्रकल्प पीडीएफ केला की सकाळचे बिलही पीडीएफच्या वाटेने जाते. ही सोय बंद करून बिलाचा प्रिंटर हाताने निश्चित करावा. त्याउपर काम अडले तर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून पुन्हा सुरू करावा. रांगेत अडकलेले जुने बिल त्याने पुष्कळदा सुटते. गोदामातील आणि गल्ल्यावरील संगणक एकच प्रिंटर वाटून वापरत असतील, तर दोन्ही संगणकांवर एकाच महिन्याची अपडेट असणे आवश्यक. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरक्षेचे नियम कडक झाले तेव्हा एकीकडे अपडेट झालेले आणि दुसरीकडे न झालेले अशा जोड्यांची छपाई ठप्प झाली होती. अपडेटनंतर नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ झालेला नाही ना, हेही पाहावे. तसे झाल्यास दुसऱ्या टेबलावरील ट्यॅलीही दिसेनाशी होते.

डिजिटल सहीचे टोकन ओळखले जात नसेल तर टोकनसोबत मिळालेले सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे. त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इनिशियलाइझ’ नावाचे बटण असते. ते दाबल्यास टोकनमधील प्रमाणपत्र पुसले जाते आणि नव्याने पैसे भरून ते काढावे लागते. मुदतीच्या दिवशी या भानगडीत पडूच नये. विवरण दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून भरता येते. कंपनी आणि एलएलपी यांना सही लागते, परंतु मालकीच्या वा भागीदारीच्या पेढीला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेही काम साधता येते. शेजारच्या दुकानात बसून विवरण भरावे आणि मग घरी येऊन शांतपणे संगणक पाहावा.

घरातील वडीलधाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. पडद्यावर मोठा इशारा आणि त्याखाली मदतीचा दूरध्वनी क्रमांक दिसला, तर तो ठगांचा समजावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक नसतो. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ला संगणकाचा ताबा देणे म्हणजे अनोळखी माणसाला गल्ल्यावर बसवणे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग अपडेट कायमचे बंदच का करू नये? मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एका छिद्राची दुरुस्ती अपडेटद्वारे दिली गेली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच छिद्रातून जगभर पसरला आणि ज्यांनी ते अपडेट घेतले नव्हते त्यांच्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. अपडेटने केलेला बिघाड दुरुस्त होतो. खंडणीखोराने बंद केलेला हिशेब पैसे मोजूनही उघडेल याची शाश्वती नसते. तेव्हा बंद करू नये, पुढे ढकलावे. विंडोज अपडेटमध्ये ‘पॉज’ हे बटण असते. विंडोज ११ वर ते पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवते. दुसऱ्या मंगळवारच्या आधी ते एका आठवड्यासाठी दाबावे, विवरण भरून घ्यावे, चोपड्यांची प्रत काढावी आणि मग अपडेटला वाट द्यावी. तोवर एखादा मोठा दोष असेल तर तो बहुधा उघडकीस आलेला असतो. जीएसटीआर-३बी ची २० तारीखही ध्यानात ठेवावी. अपडेट रविवारी घेतले तर काही अडल्यास निस्तरायला सोमवार मोकळा मिळतो.

ज्यांच्याकडे अद्याप विंडोज १० आहे त्यांच्यासाठी : त्याची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेट वाढवून देणारी नोंदणी सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर उपलब्ध करण्यात आली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पात्र नसलेल्या जुन्या यंत्रावर आडवाटेने विंडोज ११ बसवून देण्याची तयारी काही दुरुस्तीवाले दाखवतात. अशा यंत्राला पुढील अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही. पेढीचे हिशेब ज्यावर आहेत त्या संगणकावर हा प्रयोग करू देऊ नये.